कळवता येतील

मी वकील नाही. हे तीन शब्द मी बावीस वर्षं कुठे उच्चारले नव्हते. सोसायटीच्या पाटीवर ‘ॲड. शैलजा मगदूम’ लिहिलंय, भाजीवाली मला वकीलबाई म्हणते, आणि माझी नणंद लग्नाकार्यात ओळख करून देताना आवाज चढवून ‘हायकोर्टातल्या’ म्हणते. हायकोर्ट मी शेवटचं पाहिलं तेव्हा माझे केस काळे होते.

वकिली करायला सनद लागते, आणि महिन्याच्या पगारावर कंपनीत नोकरी धरली की ती सनद स्थगित करून ठेवावी लागते. नियमच आहे तसा. मी ठेवली, आणि कोल्हापूरजवळच्या एका मोठ्या फौंड्रीत विधी विभागाची प्रमुख झाले. फौंड्रीचं नाव सांगत नाही, सवय. करार वाचायचे, नोटिशींना उत्तरं लिहायची, कोर्टात बाहेरचा वकील उभा राहिला की मागच्या बाकावरून त्याला चिठ्ठ्या पाठवायच्या, हे माझं काम. माझ्या टेबलावर जांभळ्या शाईचा एक शिक्का असायचा : ‘गोपनीय. कायदेशीर सल्ल्यासाठी.’ अशिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट कोर्टालाही सहसा उघड करायला लावता येत नाही. ते कवच वकिलाला आहे, माझ्यासारख्या पगारी बाईला नाही. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी कुणाला विचारत नाही. शिक्का मात्र सगळे मारतात. मी तर दिवाळीच्या मिठाईच्या यादीवरही मारला असेल.

आता नकटीचं सांगते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गेटवर एक यंत्र बसलं. सपाट तोंड, मधोमध दोन भोकं. कामगारांनी पहिल्याच पाळीला तिचं नाव नकटी ठेवलं. कामावर येताना तिच्यासमोर दोन सेकंद मान पुढे करायची, तिनं वास घ्यायचा, हिरवा दिवा लागला की आत. कुणी पिऊन आलंय का आणि कुणाच्या अंगात भट्टीचा वायू भिनलाय का, एवढं तिनं सांगायचं होतं.

तिचं काम समजायला सोपं आहे. आपल्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो. शरीरात काही बिघडलं की त्या तेलातल्या रसायनांचं प्रमाण बदलतं, आणि त्याबरोबर वास. आपल्या नाकाला तो बहुधा कळत नाही. नकटीच्या पोटात केसाहून बारीक चारशे पट्ट्या आहेत, प्रत्येकीवर वेगळा लेप. वासाचे कण लेपाला चिकटले की त्या पट्टीतून जाणारा विजेचा प्रवाह किंचित बदलतो. चारशे पट्ट्यांचा मिळून एक नमुना तयार होतो आणि तो ती तिला शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जितके नमुने शिकवाल तितके आजार ती ओळखणार.

हेच युनियनच्या लक्षात आलं. युनियनचे सेक्रेटरी भुजगोंडा चौगुले, सगळ्यांचे भुजूअण्णा. मेल्टिंग शॉपमध्ये, म्हणजे भट्ट्यांच्या शेडमध्ये, छताजवळच्या केबिनमध्ये बसून ते क्रेन चालवायचे. वितळलेल्या लोखंडाचं भलंमोठं पातेलं, त्याला तिथं लॅडल म्हणतात, ते उचलून साच्यापर्यंत न्यायचं. एकोणीस वर्षांत त्यांच्या हातून थेंब सांडला नव्हता. माझ्या माहेरच्या शेजारच्या गावचे, म्हणून माझ्याशी जरा हक्कानं बोलायचे.

“वास घ्या की,” अण्णा म्हणाले, “पर त्या बयेला काय कळलं ते आमाला बी कळाय पायजे. कागदावर घ्या.”

मागणी रास्त होती. संमतीपत्रात त्यांना एक वाक्य हवं होतं : ‘तपासणीचे निष्कर्ष संबंधित कामगारास कळवण्यात येतील.’ वरच्या मजल्यावरून मला निरोप आला की बाई, एवढं बांधून घेऊ नका. वरच्या मजल्यावर मराठीत मसुदा करू शकणारी मी एकटी. मी वाक्य तसंच ठेवलं, फक्त एक शब्द बदलला. ‘कळवण्यात येतील’ऐवजी ‘कळवता येतील’.

वाचून बघा. पहिल्यात कंपनी बांधली जाते. दुसऱ्यात तिला मुभा मिळते : वाटलं तर कळवील, नाही वाटलं तर नाही. घाईत वाचणाऱ्याला फरक दिसतसुद्धा नाही. पोरांनी फोनला संमतीपत्र दाखवलं, तर फोननंही सारांश सांगितला : ‘निष्कर्ष तुम्हाला कळवतील.’ मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

अण्णांनी मात्र फोनवर विश्वास ठेवला नाही. कँटीनमध्ये चष्मा नाकावर ओढून अर्धा कागद बोट लावून वाचला आणि मग माझ्याकडे बघितलं.

“वकीलबाई, ह्यात काय गोम न्हाई न्हवं?”

“अण्णा, मी लिहिलंय,” मी म्हणाले.

“मग झालं तर.” त्यांनी पेन घेतलं आणि सही ठोकली. त्यांची सही म्हणजे प्रकरणच असायचं. ‘भुजगोंडा’तला भु चौकटीच्या वर उडी मारायचा आणि शेवटचा फराटा शेजारच्या माणसाच्या रकान्यात घुसायचा.

“अण्णा, चौकटीत करा की हो सही. दर वेळी काय हे!”

“चौकटीत बसायला काय मी फोटो हाय?” सगळी कँटीन हसली. मीही.

पुढच्या वर्षी नकटी बनवणाऱ्यांनी तिला नवे नमुने शिकवले. त्यात एक कंपवाताचा होता.

मेंदूच्या तळाशी काही पेशी डोपामिन नावाचं द्रव्य बनवतात. हातपाय सुरळीत हलायचे तर ते लागतं. कंपवातात या पेशी एकेक करून मरतात, आणि गंमत बघा, मेंदू कित्येक वर्षं उरलेल्यांवरच काम भागवतो. हात थरथरायला लागतो तेव्हा निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. कातडीचा वास मात्र त्याच्या कितीतरी आधी बदलतो. हे तेव्हा नुसतं कुतूहलाचं राहिलं नव्हतं, कारण औषध आलं होतं. महिन्याला एक इंजेक्शन, सरकारी दवाखान्यातही मिळणारं. ते मेलेल्या पेशी परत आणत नाही, राहिलेल्या वाचवतं. त्यामुळे थरथर सुरू व्हायच्या आत घेतलं तर माणूस धडधाकट राहतो. नंतर घेतलं तर फारसा उपयोग नाही.

नकटीनं तेवीसशे माणसांमधून एक्केचाळीस नावं काढली. त्यातली एकोणतीस एकट्या मेल्टिंग शॉपमधली.

आमचे संचालक सरनोबत साहेब ती यादी घेऊन स्वतः माझ्या खोलीत आले. माणूस वाईट नाही. कामगाराच्या पोरीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहणारा.

“मगदूम बाई, हे बाहेर गेलं तर म्हणतील, भट्टीच्या धुरानं झालं. दोन हजार घरं या फौंड्रीवर चालतात. आणि ते यंत्र शंभरात पंधरा वेळा चुकतं, त्याचे बनवणारेच म्हणतात. आपण आधी नीट खात्री करू. पंधरा दिवस थांबू. कागदावर अडचण नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले. “कागदावर ‘कळवता येतील’ आहे.”

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी यादीवर शिक्का मारला, फाइलला माझा क्रमांक दिला आणि माझ्या कपाटात ठेवली. यादीत सातव्या नंबरला भुजगोंडा चौगुले होते. मी ते नाव वाचलं आणि कपाटाची किल्ली फिरवली. दोन्ही मीच केलं.

पंधरा दिवसांचे वीस महिने झाले. खात्री करायची तर माणसांना डॉक्टरकडे पाठवायला हवं, आणि डॉक्टरकडे पाठवायचं तर कारण सांगायला हवं, म्हणून खात्री काही झाली नाही. एक गोष्ट मात्र लगेच झाली. यादीतली जी माणसं जोखमीच्या कामावर होती त्या अकरा जणांची बदली. कुणी स्टोअरला, कुणी टाइम ऑफिसला. पगार तोच. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे शब्द माझे. अण्णा क्रेनवरून खाली आले आणि स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजायला बसले.

आठवड्यानं ते माझ्याकडे आले. एरवी न विचारता खुर्चीत बसायचे, त्या दिवशी विचारून बसले.

“वकीलबाई, माझं काय चुकलं तेवढं सांगा. एकोणीस वर्सं क्रेन चालीवली. युनियनचा राग हाय काय साहेबास्नी? तसं आसंल तर मी पद सोडतो. पर मला वर जाऊ द्या. खाली मन लागत न्हाई.”

“तसं काही नाही, अण्णा. रूटीन बदली आहे.”

“रूटीन!” ते हसले. “घरात बी रूटीनच चाललंय. बायको म्हनती, तुमच्या अंगाला कसला वास येतोय, पेटीत ठेवल्याली जुनी घोंगडी काढावी तसा. दोनदा साबन बदलला. मी म्हनलं, गेटावर एक नकटी आन् घरात दुसरी!”

मी हसले नाही. त्यांच्या बायकोला जो वास आला होता त्याचा अर्थ माझ्या कपाटात होता, खुर्चीपासून दोन हातांवर. त्या बाईनं नुसत्या नाकानं ओळखलं होतं.

“अण्णा,” मी म्हणाले, “एकदा तब्येत दाखवा ना कुणाला तरी. मोठ्या डॉक्टरला. कोल्हापुरात.”

“मला काय धाड भरलीया?” ते म्हणाले. “ज्वारीचं पोतं उचलतो अजून.”

इथे मी बोलायला हवं होतं. ‘मेंदूचा डॉक्टर’ हे दोन शब्द पुरले असते. कंपनीला कळलंही नसतं. पण मला नोकरीची सवय लागली होती; तोंड उघडायच्या आधी शब्दाचं वजन करायची. मी वजन करत बसले आणि तोवर त्यांनी बदलीच्या पोचपावतीवर सही केली आणि उठले. सही चौकटीच्या बाहेर गेली होती, पण जेमतेम. मी मनाशी म्हटलं, रागात केलीय. घरी जाऊन वाचलं तेव्हा कळलं की कंपवातात माणसाचं अक्षर आक्रसत जातं, हात थरथरायच्याही आधी. त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, पित्त झालंय. त्यालाही मी खरं सांगितलं नाही, कारण त्यानं विचारलं असतं, मग सांगत का नाहीस त्यांना?

रोज सकाळी मी नकटीपुढे मान करायची. हिरवा दिवा लागायचा. मला वाटायचं, हिला जरा जास्तीचं कळलं तर?

अकरा जणांच्या बदल्या एकाच महिन्यात झाल्या, हे युनियनच्या डोळ्यांतून सुटलं नाही. त्यांनी औद्योगिक न्यायालयात दावा लावला आणि नकटीच्या नोंदी मागितल्या. दाव्याच्या तारखा पडत गेल्या. कंपनीतर्फे बाहेरचे वकील दाभोळे उभे होते, हुशार माणूस. त्यांनी माझ्या नावानं प्रतिज्ञापत्र करून पाठवलं : ‘मी, शैलजा मगदूम, कंपनीची वकील या नात्याने सत्यप्रतिज्ञेवर सांगते की सदर फाइल कायदेशीर सल्ल्याचा भाग असून ती उघड करता येत नाही.’

मी त्यांना फोन केला. “दाभोळे, माझी सनद स्थगित आहे. ‘वकील’ कसं लिहिता?”

“मॅडम, एवढं चालतं हो. समोरची वकील पोरगी नवीन आहे, तिच्या डोक्यात येणार नाही. साक्षीला या, ‘मजकूर खरा आहे’ म्हणा आणि जा. पाच मिनिटांचं काम.”

मी सही करून पाठवली. हेही लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला माझा मोठेपणा वाटायचा.

साक्षीच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात युनियनची माणसं चहा घेत उभी होती. अण्णांनी मला बघितलं. आम्ही विरुद्ध बाजूंना होतो, पण माणूस जातीचा अगत्यशील. किटलीवाल्याकडून एक कप घेऊन माझ्याकडे आले.

“च्या घ्या, वकीलबाई. भांडान आत, हितं न्हाई.”

कप माझ्या हातात येईपर्यंत अर्धा चहा त्यांच्या बोटांवर सांडला होता. उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जपमाळ ओढल्यासारखी. त्यांनी झटकन हात खिशात घातला.

“बी.पी. आसंल,” ते म्हणाले. “दोन महिनं झालं आसं हुतंय. वय झालं की.”

एकोणीस वर्षांत थेंब न सांडलेला तो हात. मी कप धरून उभी राहिले. अण्णांची वेळ गेली होती. ती माझ्या कपाटात बसून गेली होती. यादीतल्या बाकीच्यांची गेली नसेल, निदान सगळ्यांची नसेल. चहा मी तसाच ठेवला.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले. आता कोर्टात बोललेलं यंत्र जसंच्या तसं पडद्यावर उमटवतं. मागं घ्यायची सोय नाही. दाभोळेंनी प्रतिज्ञापत्र पुढे केलं.

“यातला मजकूर आणि सही आपली आहे?”

“सही माझी आहे,” मी म्हणाले. “मजकूर खरा नाही.”

दाभोळेंनी चष्मा काढला. न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “कोणता भाग खरा नाही?”

“‘कंपनीची वकील’ हा. मी वकील नाही. बावीस वर्षांपूर्वी सनद स्थगित केली. मी पगारी अधिकारी आहे, त्यामुळे या फाइलला वकिलाच्या सल्ल्याचं कवच नाही. शिक्का मी मारला, तेव्हाही मला हे माहीत होतं. आणि संमतीपत्रात ‘कळवण्यात येतील’चं ‘कळवता येतील’ मी केलं. सांगून केलेलं नाही.”

पडद्यावर माझी वाक्यं एकाखाली एक उमटत गेली. मागच्या बाकावर सरनोबत साहेब बसले होते, त्यांनी डोळे मिटून घेतले. युनियनच्या बाकाकडे मी बघितलंच नाही.

फाइल उघडली. आठ दिवसांत प्रत्येकाला त्याचा निष्कर्ष पोच घेऊन द्यावा, आणि फाइल जिच्या ताब्यात होती तिनं तो स्वतः द्यावा, असा हुकूम झाला. मला कंपनीनं दुसऱ्याच दिवशी कामावरून कमी केलं, तेही कबूल. तरी लिफाफे द्यायला मीच गेले. कँटीनमध्ये, त्याच टेबलावर. सोबत सरकारी दवाखान्याचे डॉक्टर होते. ते प्रत्येकाला समोर बसवून हात पुढे करायला सांगत होते, बोटं उघडझाप करायला लावत होते. दिवसअखेर त्यांचा हिशेब असा होता : सहा जणांबाबत नकटी चुकली होती, एकोणतीस जणांना इंजेक्शन सुरू करता येणार होतं, सहा जणांना उशीर झाला होता.

अण्णा सगळ्यात शेवटी आले. खुर्चीत बसले, चष्मा काढून बाजूला ठेवला.

“तुमीच वाचा.”

मी वाचलं. डॉक्टरांनी हात बघितला आणि इंजेक्शनाबद्दल काही बोलले नाहीत. दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या. थरथर थोडी आवरेल म्हणाले.

“ह्ये कवाचं हाय?” अण्णांनी मला विचारलं.

“वीस महिन्यांपूर्वीचं.”

“म्हंजे मला क्रेनवरनं उतरीवलं...”

“त्याच्या आधीचं. बदलीची ऑर्डर मी लिहिली.”

“आन् मी तुमच्याकडं आल्तो. वासाचं बोललो. तवा बी तुमाला ठावं हुतं.”

“हो, अण्णा.”

मला वाटत होतं त्यांनी शिव्या घालाव्यात, टेबल उलथून टाकावं. माझी तयारी होती, खरंतर मला ते हवं होतं.

“मी तुमाला इचारलं हुतं, गोम न्हाई न्हवं म्हनून,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमी म्हनला, मी लिहिलंय. म्या फुडं वाचलंच न्हाई. एरवी वाचतो मी. तुमी हुता म्हनून न्हाई वाचलं.”

“माझं चुकलं, अण्णा,” मी म्हणाले. इतकं तोकडं वाक्य मी जन्मात लिहिलं नव्हतं.

त्यांनी पोचपावतीचा कागद स्वतःकडे ओढला. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, पेन टेकवलं आणि सावकाश, अक्षर अक्षर करत आपलं नाव लिहिलं. मुंगीएवढं. सगळं नाव चौकटीच्या एका कोपऱ्यात मावलं, बाकी चौकट मोकळी राहिली.

मग त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे सरकवला.

“घ्या, वकीलबाई,” अण्णा म्हणाले. “बसली तुमच्या चौकटीत.”